नव्या पंपावरची जुनी धूळ

मागच्या सीटच्या फटीत मुलीची केसांची क्लिप पडली नसती, तर त्या गॅरेजवाल्याला मी अजूनही देवमाणूसच म्हणत असतो. इतरांनाही त्याचं नाव सुचवलं होतं मी. त्यातल्या दोघांची नंतर माफी मागितली.

आमची गाडी छोटी. चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, वय नऊ वर्षं. दुखणं असं की सकाळी एका सेल्फमध्ये चालू होणार, अर्धा-पाऊण तास गुणी बाळासारखी चालणार आणि इंजिन चांगलं तापून रहदारीत अडकलं की काहीही न सांगता गप्प. झटका नाही, खोकला नाही. रेडिओ वाजतोय, दिवे लागलेत, फक्त इंजिन नाही. स्टिअरिंग दगडासारखं जड. ब्रेकचं पेडल एक-दोनदा नेहमीसारखं दबतं, तिसऱ्यांदा मात्र भिंतीवर पाय ठेवल्यासारखं लागतं, कारण ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम तेवढ्यालाच पुरतो. (अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका, एकदाच दाबून धरा आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. हे मी पहिल्या खेपेला नेमकं उलटं केलं होतं.) मग कडेला घेऊन सेल्फ मारत बसायचं. इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं गेली की जणू काही घडलंच नव्हतं अशी चालू.

गॅरेज चांगलं चकाचक होतं. काउंटर, संगणक, बसायला खुर्च्या. तिथल्या मुलाने गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, पडद्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "सर, कॉइल गेल्यात. प्लग पण बदलू." कोड काय आला, असं मी विचारलं. "मिसिंगचा," एवढंच उत्तर, म्हणजे सिलिंडर नीट पेट घेत नाही याचा. चार कॉइल, चार प्लग, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारी जोडी. गाडी रात्रभर त्यांच्याकडे राहिली. सकाळी नेली तर लोण्यासारखी चालत होती.

आता मागे वळून बघताना खरा मुद्दा मला इथेच दिसतो. रात्रभर थंड झालेली ती गाडी काहीही न करता तशीच चालली असती. गरम झाल्यावर होणाऱ्या बिघाडाचं औषध नुसता वेळ असतो आणि गॅरेजात गाडीला वेळ भरपूर मिळतो. कुणी काहीही बदललं, किंवा काहीच बदललं नाही, तरी सकाळी यश त्याच्याच पदरात. मी स्वतः दहा मिनिटांची चक्कर मारून 'व्वा' म्हणालो होतो. दहा मिनिटांत इंजिन धड तापतसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी पुन्हा बंद. यावेळी फ्यूल पंप, टाकीतून इंजिनकडे पेट्रोल ढकलणारा. हे मला पटलंच, कारण पंप म्हातारा झाला की गरमीत दम सोडतो, हे मीही कुठेतरी ऐकलं होतं. थोडंसं ठाऊक असलेलं गिऱ्हाईक फसवायला सगळ्यात सोपं. बिलावर 'फ्यूल पंप असेंब्ली, नवीन', त्याखाली मजुरी. जुना पंप कुठाय, विचारलं. "भंगारवाला कालच येऊन गेला सर."

आठवडाभराने परत तेच. यावेळी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. "कार्बन फार धरलाय, साफ करून देतो." केली असावी साफ. पण त्यानंतर एक नवंच लचांड सुरू झालं. आतापर्यंत गाडी बंद पडायची, पण चालताना जोमात चालायची. आता पिकअपच गेला. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी जीव जातो, मग मागून कुणीतरी धक्का द्यावा तशी उसळते. सिग्नलला उभी असताना आरपीएमचा काटा सहाशे ते अकराशे असा वरखाली डुलतो. गाडी परत नेली तर मालक स्वतः बाहेर आले. सायलेन्सरच्या पाइपाला हात लावला, चेहरा गंभीर केला आणि म्हणाले, "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक झालाय. म्हणून बंद पडते, म्हणूनच पिकअप नाही. सगळ्याचं मूळ हेच." कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा डबा. आकडा ऐकून मी दोन दिवसांची मुदत मागितली. तर म्हणाले, "जुना कन्व्हर्टर आमच्याकडेच ठेवलात तर बिलात थोडं कमी करतो." मला तो मोठेपणा वाटला. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं आणि जुन्या, वापरलेल्या कन्व्हर्टरलाही त्यामुळे चांगला भाव येतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

त्या दोन दिवसांत ती क्लिप पडली.

मागच्या सीटची बैठक दोन्ही हातांनी वर खेचली की खटकन निघते. निघाली. खाली गालिच्याचा एक कापलेला तुकडा, तो उचलला तर पत्र्याचं गोल झाकण आणि चार स्क्रू. पंपाकडे जायची वाट ती हीच. स्क्रूंच्या खाचांत मळ घट्ट बसलेला, नखाने उकरून निघेना. झाकणाच्या कडेने कंपनीतून लावलेला काळा चिकट लेप जसाच्या तसा, कुठेही फाटलेला नाही. वर सारख्या जाडीची धूळ आणि त्या धुळीत मुलीच्या हरवलेल्या रंगीत मण्यांपैकी तीन मणी. असेंब्ली नवीन. तीन आठवड्यांपूर्वी बसवलेली. मी तिथेच, दार उघडं ठेवून, जमिनीवर बसून राहिलो.

मोबाइलवर फोटो काढले. झाकण स्वतः उघडलं नाही आणि तुम्हीही उघडू नका. लाइनमध्ये दाब असतो आणि पेट्रोलची वाफ कोपऱ्यात बसून असते.

दुसरं काम केलं ते म्हणजे ब्लूटूथवर चालणारा छोटा कोड रीडर मागवला. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो खुपसायचा आणि मोबाइलवर वाचायचं. कोड शून्य. मात्र त्या अ‍ॅपमध्ये एक ओळ असते, ती आपण सहसा बघतच नाही: कोड पुसल्यापासून गाडी किती धावली. माझ्या गाडीत आकडा होता १४ किलोमीटर. मालकांनी कन्व्हर्टरचं निदान केलं त्या दिवसापासून गाडी जेवढी चालली होती, तेवढाच. शिवाय गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या चालता चालता करत असते, त्यांतल्या बहुतेक 'अपूर्ण' दाखवत होत्या. कोड पुसले की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

दुरुस्तीनंतर कोड पुसणं ही काही लबाडी नाही, सगळेच पुसतात. पण त्या दिवशी त्यांनी दुरुस्ती काहीच केली नव्हती, फक्त पाइपाला हात लावला होता. मग पुसलं काय आणि कशासाठी? कोडबरोबर 'फ्रीझ फ्रेम' नावाची नोंदही जाते. बिघाड झाला त्या क्षणी इंजिनचं तापमान किती, आरपीएम किती, वेग किती, हे त्यात असतं. म्हणजे दर वेळी गाडी मला परत देताना ते तिची साक्षच खोडून देत होते. मी दुसरीकडे गेलो असतो तरी तिथल्या माणसाला कोरी पाटीच मिळाली असती.

मग मी मुद्दामच गाडी रहदारीत फिरवली. पन्नासेक मिनिटांनी ती शहाण्यासारखी बंद पडली. आयुष्यात पहिल्यांदाच गाडी बंद पडल्याचा आनंद झाला. सेल्फ मारताना डोळे मीटरवर ठेवले. इंजिन फिरतंय, पण आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नाही. एरवी सेल्फ मारताना तो जरासा उचलतो. रीडर लावला. पी ०३३५. तापमान ९६ अंश. स्क्रीनचा फोटो काढला आणि थंड व्हायची वाट बघत बसलो.

हा कोड क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटचा. इंजिन फिरतंय की नाही आणि पिस्टन कुठे आहे, हे संगणकाला हा सेन्सर सांगतो. तो गप्प बसला की संगणकाच्या लेखी इंजिन थांबलेलं असतं, मग तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. आतली बारीक तारेची गुंडाळी तापून तुटक होते आणि थंड झाली की जुळते. कॉइल, प्लग, पंप, थ्रॉटल आणि कन्व्हर्टर या पाचांपैकी कशाचाच इथे संबंध नव्हता.

दुसऱ्या गॅरेजात एक वयस्कर मिस्त्री होते. त्यांना फोटो दाखवले तर आधी म्हणाले, "कोड आला म्हणून सेन्सरच गेला असं नसतं. वायर पण असते." सेन्सर काढला, मल्टिमीटर लावला. थंड असताना नऊशेच्या आसपास ओहम. मग केस वाळवायचं यंत्र घेतलं आणि सेन्सरवर गरम हवा धरली. आकडा हळूहळू चढत गेला, अकराशेच्या पुढे गेला आणि एकदम नाहीसा झाला. सर्किट तुटलं. यंत्र बंद करून फुंकर मारत बसले, दोन-तीन मिनिटांत आकडा परत. "हे बघा दादा, तुमचं भूत." पाच बोटांत मावणारी, एका बोल्टवर बसणारी वस्तू.

"आणि काका, पिकअप?" त्यांनी एअर फिल्टरकडून थ्रॉटलकडे जाणारा रबरी पाइप हाताने वाकवला. खालच्या बाजूला, घडीत, बोटभर लांब चीर आणि शेजारचा क्लॅम्प अर्धाच आवळलेला. आमच्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर या पाइपाच्या आधी आहे. चिरेतून आत शिरणारी हवा न मोजलेलीच जाते, पेट्रोल त्या मानाने कमी पडतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन जागच्या जागी कलतं, चीर अजून फाकते, म्हणून नेमका चढावर जीव जातो. त्यांच्या स्कॅनरवर फ्यूल ट्रिम २२ टक्के जास्त दिसत होता, म्हणजे संगणक तेवढं पेट्रोल वाढवून वाढवून कसंबसं भागवत होता. दहाच्या आत असेल तर काळजी नसते म्हणाले. थ्रॉटल साफ करताना पाइप ओढून काढलेला, तेव्हाच फाटला असणार. थोडक्यात, एक दुखणं मी घेऊन गेलो होतो आणि दुसरं त्यांनी दिलं. वर त्या दुसऱ्याचं औषध म्हणून कन्व्हर्टर काढून घ्यायला निघाले होते.

कन्व्हर्टरचीही खात्री करून घेतली. काकांनी इनटेकला, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या बाजूला, व्हॅक्यूम गेज लावला आणि रेस अडीच हजारांवर धरून ठेवली. एक्झॉस्ट चोक असेल तर काटा हळूहळू खाली येत जातो. आमचा एका जागी स्थिर. या परीक्षेला पाच मिनिटं लागली.

शेवटी पंप. झाकण त्यांनी माझ्यासमोर उघडलं. पंपाच्या वरच्या प्लास्टिकच्या तबकडीवर, साच्यातच उठवलेलं, बटणाएवढं एक वर्तुळ होतं. मध्ये वर्षाचे दोन आकडे, बाण महिन्याकडे. गाडीच्या जन्माच्या तीन महिने आधीचा.

हे सगळं घेऊन पहिल्या गॅरेजात गेलो. मालक शांत होते. "सर, पंप म्हणजे आम्ही पंपाचा रिले बदललाय. बिलिंगला ते पंपातच पडतं." रिले म्हणजे पंपाला वीज देणारा छोटा स्विच.

"बिलावर असेंब्ली लिहिलंय."

"नवीन मुलगा आहे, चुकलं असेल."

"मग रिले दाखवा."

"तो दिसायला सारखाच असतो हो."

पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये 'अ‍ॅडजस्ट' करतो म्हणाले. मी नको म्हणालो. धुळीचा, वर्तुळाचा, बिलाचा आणि १४ किलोमीटरच्या ओळीचा फोटो जोडून लेखी तक्रार त्यांच्याच टेबलावर ठेवली आणि एका प्रतीवर पोच मागितली. पोच दिली नाही, पण दुसऱ्या दिवशी पंपाचे पैसे आणि मजुरी परत केली. आवाज चढवून काही झालं नसतं असं वाटतं, कारण आधीच्या खेपेला चढवून पाहिला होता.

तेव्हापासून गाडी गॅरेजात सोडण्याआधी मीच कोड वाचून फोटो काढतो. सुटा भाग बदलायचा ठरला की काम सुरू व्हायच्या आधीच सांगतो, जुना डिकीत टाकून द्या. प्रामाणिक माणसाला याचं काही वाटत नाही, काका तर स्वतःहून तेलकट फडक्यात गुंडाळून देतात. आणि नेण्याआधी दहा मिनिटांची चक्कर नाही. ज्या अवस्थेत बिघाड होतो, त्याच अवस्थेत चालवून बघतो. गरम असताना बंद पडत असेल तर तासभर, एसी लावून, रहदारीत, शेजारी मिस्त्रीला बसवून. शेजारी बसायला कोण तयार होतं आणि कुणाला अचानक दुसरं काम आठवतं, हेही बघून ठेवतो.

कॉइलचं मात्र अजून कळलेलं नाही. गाडीत बसवलेल्या चारही नव्याच दिसतात. पण माझ्या जुन्या चार खरंच गेल्या होत्या, की पुसून-बिसून आज कुणा दुसऱ्याच्या गाडीत 'नवीन' म्हणून बसल्यात? काकांना विचारलं तर त्यांनी पान्हा खोक्यात ठेवला आणि म्हणाले, "तुमच्या चार तरी नव्याच आहेत हे कशावरून?"