जुनं लायसन्स विकत घ्यावं, की दरमहा पैसे भरावेत?

नाशिकच्या अंबडमधलं एखादं छोटं डिझाइन ऑफिस बंद व्हायला लागलं की टेबल-खुर्च्या आणि प्लॉटरबरोबर आणखी एक गोष्ट विकायला निघते. "सॉफ्टवेअर ओरिजिनल आहे, लायसन्ससकट देतो." नुकतंच स्वतःचं काम सुरू करणाऱ्याला हा सौदा मोहात पाडतो. मलाही पाडलं होतं. मी ऑटोकॅडचा, म्हणजे ड्रॉइंग्ज काढायच्या सॉफ्टवेअरचा, जुना सेट कॉम्प्युटरसकट १८ हजारांना घेतला. डबा खरा, डीव्हीडी खरी, आतल्या पिवळट स्टिकरवर सिरीयल नंबरही होता. दीड वर्ष बिनबोभाट चाललं आणि मग हार्ड डिस्क गेली. नव्या डिस्कवर सॉफ्टवेअर टाकलं, तर ॲक्टिव्हेशनपाशी, म्हणजे कंपनीकडून लायसन्स तपासून सॉफ्टवेअर सुरू करून घ्यायच्या पायरीशी, घोडं अडलं. नोंदणी जुन्या मालकाच्या नावावर होती आणि त्यांचा तो ईमेल केव्हाच बंद पडला होता. सकाळी एका टूलरूमला डायची ड्रॉइंग्ज द्यायची होती. रात्रभर मित्राच्या मशीनवर बसून ती पुरी केली.

म्हणून आधी एवढं पक्कं समजून घ्या: डबा कुणाच्याही हातात असला तरी वापरायची परवानगी ज्याच्या नावावर आहे त्याचीच असते. ते नाव बदलायला कंपनी तयार आहे का, यावर सगळा सौदा अवलंबून आहे.

ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनी या बाबतीत कडक आहे. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय लायसन्स दुसऱ्याला देता येत नाही. अमेरिकेत टिमोथी व्हर्नर नावाचे गृहस्थ ऑटोकॅडच्या वापरलेल्या प्रती ईबेवर विकत होते. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की ग्राहकाला सॉफ्टवेअर विकलेलं नव्हतं, फक्त वापरायला दिलं होतं. युरोपात २०१२ मध्ये याच्या उलट झालं. कायमचं लायसन्स पैसे मोजून घेतलं असेल तर ते पुढे विकता येतं, मात्र विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी करायला हवी, असं तिथल्या न्यायालयाने ठरवलं. हा युरोपचा निकाल दाखवून कुणी नाशिकमध्ये माल खपवायला आला, तर भुलू नका. इथे करारात काय लिहिलंय ते धरूनच चाला. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून वापरली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब मध्ये किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे.

शिवाय ऑटोकॅडचं सुटं कायमचं लायसन्स जानेवारी २०१६ नंतर विकलंच गेलेलं नाही. म्हणजे बाजारात जे फिरतंय ते त्याआधीचं. फोटोशॉपवाल्या अडोबीचंही तसंच आहे. कायमच्या लायसन्सचा शेवटचा संच म्हणजे २०१२ चा क्रिएटिव्ह सूट ६, म्हणजे सीएस६. सीएस२ ते सीएस४ यांचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर तर बंदच झालेत. मूळ डिस्क हातात असली तरी पुन्हा बसवता येत नाही. या दोघांचं जुनं काही कितीही स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऱ्हायनो या ३डी डिझाइनच्या सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी आहे. सराफ बाजारासाठी दागिन्यांची डिझाइन्स करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. त्याचं व्यावसायिक लायसन्स कायमचं असतं आणि ते दुसऱ्याला विकता येतं. फक्त अपग्रेड (जुन्या लायसन्सवर घेतलेलं पुढचं व्हर्जन) असेल तर ते एकटं विकता येत नाही, मूळ लायसन्सही सोबत यायला हवं. विकणाऱ्याला समोर बसवून त्याच्या खात्यातून लायसन्स काढायला लावा, ते तुमच्या खात्यात आलेलं बघा आणि मगच पैसे द्या. इथे जुनं घेण्यात खरोखर फायदा आहे.

पंचवटीतल्या फ्लेक्सवाल्याने बॅनर डिझाइन करायच्या जुन्या कोरल ड्रॉच्या मागे लागण्यापेक्षा नवीनच घ्यावं. कोरल आजही एकरकमी पैशांत कायमचं मिळतं. पुढच्या व्हर्जनमधली नवी साधनं त्यात येत नाहीत, पण बॅनरच्या कामाला त्यांची फारशी गरजही पडत नाही.

आता दरमहा पैसे भरायचं. सुरुवातीला ते जिवावर येतं, मलाही आलं. पण लायसन्स तुमच्या नावावर असतं, मशीन बदललं तरी लॉग-इन केलं की काम सुरू. काम तुटक असेल तर महिन्यापुरतं घेऊन सोडता येतं. अडोबी घेताना मात्र नीट बघा: वर्षाचा करार आणि पैसे दरमहा, असा प्लॅन मध्येच सोडला तर दंड बसतो. फक्त २डी ड्रॉइंग्ज करत असाल तर पूर्ण ऑटोकॅडऐवजी त्याची छोटी आवृत्ती, ऑटोकॅड एलटी, पुरे, ते बरंच स्वस्त पडतं.

आणि जुनं घ्यायचंच ठरलं, तर मूळ खरेदीचं बिल मागा. बिलावरचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव जुळत नसेल, तर चहा घ्या आणि उठा.