बॉण्डेड गोदाम + कस्टम्स सेवा: काही महिने वापरल्यावर

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं हायड्रॉलिक सिलिंडरचं छोटं वर्कशॉप आहे. माल न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातो. सीएचए (कस्टम्सची कागदपत्रं करणारा एजंट), बॉण्डेड गोदाम (आयात माल ड्युटी न भरता ठेवायची जागा) आणि फॉरवर्डिंग (माल जहाजाने पाठवायची व्यवस्था) एकत्र देणारी एक कंपनी पावसाळ्यापासून धरली आहे. नाव लिहीत नाही, तक्रारीही आहेत.

पहिल्या कोटेशनमध्ये तयार सिलिंडरांनाही बॉण्डेड गोदामाचं भाडं लावलं होतं. ते काढायला लावलं. बॉण्ड लागतो ड्युटी न भरलेल्या आयात मालाला. इथे बनलेला माल सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) थांबतो, नाहीतर कारखान्यातच कंटेनरला ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लागून थेट पोर्टला जातो. आम्हाला बॉण्ड लागला तो बाहेरून आणलेल्या सील किटसाठी (सिलिंडरची गळती थांबवणाऱ्या रिंगांचे संच), कारण त्यातले बरेच स्पेअर म्हणून तसेच परदेशी गिऱ्हाइकाला जातात. कस्टम्स कायदा १९६२, कलम ६९ खाली ते ड्युटी न भरता पाठवता येतात. देशात काढले तर ड्युटी, आणि ९० दिवस उलटले की व्याजही. गोदामाचं काम चोख आहे, स्टॉक मागितला की तासाभरात मेलवर येतो.

सेल्सवाला म्हणतो, ‘सगळं आमच्यावर सोडा.’ सोडू नका. बॉण्ड, म्हणजे कस्टम्सला दिलेलं हमीपत्र, ड्युटीच्या तिप्पट रकमेचा, आणि त्यावर सही आमची. माल परवानगीशिवाय गोदामातून हलला तर गोदामाचा परवानाधारक अडकतो, हे खरं. पण आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर) आमचा, आणि सीएचएने आमच्या वतीने केलेलं काम कलम १४७ प्रमाणे आम्हीच केलेलं धरतात.

म्हणून चेकलिस्ट, म्हणजे शिपिंग बिलाचा (कस्टम्सला द्यायच्या निर्यात अर्जाचा) मसुदा, मी स्वतः वाचतो. एकदा रात्री व्हॉट्सॲपवर आली, खाली लिहिलेलं ‘ओके द्या सर, सकाळी फाइल करतो’. निव्वळ वजनाच्या रकान्यात लाकडी पेट्यांसकट वजन! पॅकिंग लिस्टशी जुळलंच नसतं, आणि कंटेनर एव्हाना कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात गेलेला. विचारलं तर ‘सिस्टीमने घेतलं’ म्हणे. सिस्टीम काय आपल्या मनाने आकडे घेते?

दुसरी तक्रार, माल जहाजावर चढला की यांचे फोन थंडावतात. शिपिंग लाइनचा ईजीएम (जहाजावर चढलेल्या मालाची यादी) शिपिंग बिलाशी जुळल्याशिवाय आयजीएसटी रिफंड हलत नाही, त्यामागे आम्हीच लागतो.

डीडीपीच्या (ड्युटी भरून माल पोचवायच्या) ऑर्डरला यांचा सल्ला मात्र प्रामाणिक निघाला. त्यात तिकडची आयात ड्युटी विकणाऱ्यावर येते, क्लिअरन्स अडकला तर तिथलं गोदामभाडंही आपल्याच गळ्यात. त्यांनीच डीएपी (माल आपण पोचवायचा, ड्युटी गिऱ्हाइकाने भरायची) सुचवलं, गिऱ्हाईक तयारही झालं.

पाचपैकी साडेतीन. महिन्याला एखाद-दुसरा कंटेनर असेल तर घ्या, पण कोटेशनमधली भाड्याची ओळ आधी बघा.