पाईपचा तंबाखू मुरवायचा तर मूळ डब्यात की काचेच्या बरणीत?

वर्षाकाठी एकदाच निघणारं किंवा कधीतरीच बाजारात दिसणारं मिश्रण हाती लागलं, की ते लगेच ओढून संपवायला जीव होत नाही. २०१८ मध्ये मॅक्लेलंड ही अमेरिकन तंबाखू कंपनी बंद झाली आणि तिचं दर नाताळाला येणारं 'ख्रिसमस चिअर' कायमचं गेलं. जर्सी बेटावर बनणारं 'पेन्झन्स' हे मिश्रण आजही आलं रे आलं की संपतं. असा माल मुरवायचा तर मुंबईत तो मूळ डब्यातच ठेवावा की बरणीत काढावा, हे दोन्ही मी करून पाहिलं आहे.

काय मुरतं हे तुम्हाला ठाऊक असेलच. व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूत साखर जास्त, त्यामुळे तो वर्षानुवर्षं सुधारत जातो. त्यात पेरिक, म्हणजे दाबाखाली आंबवलेला तिखटसर तंबाखू, घातलेला असेल तर फारच छान. लटाकियाचा, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या तंबाखूचा, धूर काळाबरोबर मवाळ होतो. काहींना ते आवडतं, मला तो ताजाच आवडतो. वरून सुगंध मारलेली मिश्रणं मुरवण्यात फारसा अर्थ नाही.

आधी डब्याची बाजू. कारखान्यात हवा ओढून बंद केलेला डबा हा तंबाखूसाठी उत्तम निवारा आहे, यात वाद नाही. आत उरलेला थोडासा प्राणवायू सुरुवातीलाच वापरला जातो आणि मग पान आपल्या गतीने बदलत राहतं. डब्यावरची तारीख शाबूत राहते. पुढेमागे कुणाशी अदलाबदल करायची झाली तर न फोडलेल्या डब्यालाच मान असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डब्याचं झाकण थोडं फुगतं, त्याने घाबरून जाऊ नये. फुगलेला डबा म्हणजे सील धरून आहे, एवढाच त्याचा अर्थ. गोल डबे चौकोनी डब्यांपेक्षा जास्त भरवशाचे. चौकोनी डब्याचं झाकण नुसतं दाबाने बसलेलं असतं, कोपऱ्यावर जरा धक्का लागला तरी हवा आत शिरते.

पण मुंबईत पावसाळा चार महिने असतो, आणि समुद्राची खारी हवा बारा महिने. मी माहीमला राहतो. इथे खिडकीचे गज दर दोन-तीन वर्षांनी रंगवावे लागतात, तिथे पातळ पत्र्याचं काय घेऊन बसलात! गंज धरतो तो डब्याच्या मधोमध नव्हे, तर कडेच्या मुडपलेल्या पट्टीत आणि लेबलच्या कागदाखाली, जिथे ओल अडकून राहते. वरून डबा लख्ख दिसतो. लेबलचं टोक नखाने उचललं की खाली तपकिरी पूड, आणि त्या पुडीत टाचणीच्या टोकाएवढं भोक. लाल व्हर्जिनियाचा एक डबा मी बरीच वर्षं जपून ठेवला होता. तो उघडताना हवा आत शिरल्याचा तो हलकासा 'फुस्स' आवाज आलाच नाही. पान कोरडं पडलेलं नव्हतं, मुंबईची हवा तसं होऊही देत नाही. पण मनुकांचा वास आणि त्यामागचा तो आंबूसपणा, दोन्ही पार उडालेले. ओढला तर पुठ्ठ्याची चव, आणि जिभेला चटका.

मला खुपलं ते नुकसानापेक्षा हे, की बंद डब्यात काय चाललंय ते बाहेरून कळतच नाही. पुन्हा मिळणार नाही अशी वस्तू, आणि ती जिवंत आहे की गेली हे तपासायचं तर ती फोडावी लागणार. हे मला पटत नाही.

बरणीत ही अडचण नाही. काचेतून पान दिसतं, झाकण बोटाने दाबून पाहता येतं. त्याच जातीचा, त्याच सुमाराचा लाल व्हर्जिनिया मी बरणीतही भरला होता. फ्लेकवर, म्हणजे दाबून कापलेल्या पानांच्या पातळ चकत्यांवर, बारीक कण चमकायला लागले होते, उजेडात बरणी तिरकी धरली की लुकलुकणारे. ती बुरशी नव्हे. बुरशी कापसासारखी लवदार असते आणि तिला कुबट वास येतो. धूर गोड, गोल, शेवटच्या झुरक्यापर्यंत जिभेला न टोचणारा. ही मोजमापं नाहीत, एकट्याच्या जिभेचा कौल आहे, तो त्या बेतानेच घ्यावा.

बरणीचेही नखरे आहेत. डबा फोडला की नवी हवा लागते, म्हणजे मुरण्याचा एक टप्पा पुन्हा सुरू होतो. म्हणून लहान बरण्या घ्याव्यात, काठोकाठ भराव्यात आणि वरचेवर उघडू नयेत. उजेडापासून दूर, कपाटात ठेवाव्यात. लोणच्याची जुनी बरणी कितीही घासली तरी वापरू नये. झाकणातला मसाल्याचा वास जात नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास नव्या मिळतात. खटक्याच्या बरणीपेक्षा आट्याच्या झाकणाची मला जास्त घट्ट वाटते, खटक्याचं रबर आपल्या उकाड्यात लवकर कडक होतं. भरण्याचं काम जानेवारी-फेब्रुवारीत करावं. जुलैत डबा उघडाल तर पान हवेतली ओल पिऊन घेईल आणि तीच बरणीत कोंडली जाईल. तारीख आणि मिश्रणाचं नाव झाकणावर नव्हे, काचेवर चिकटवावं; झाकणं अदलाबदल होतात.

वर्ष-दोन वर्षांतच ओढायचा असेल, किंवा तुमची खोली कायम वातानुकूलित असेल, तर डबा फोडायची गरज नाही. नुसता संग्रह करणाऱ्यांनीही डब्यातच ठेवावा, फक्त दर पावसाळ्यानंतर कडा तपासाव्यात. पण पाच-दहा वर्षांनी स्वतः ओढायच्या बेताने ठेवत असाल आणि घर समुद्राच्या वाऱ्यात असेल, तर मी बरणीच सुचवेन. एकाच मिश्रणाचे दोन डबे मिळाले, तर पहिला पाऊस पडायच्या आत एक तरी काचेत गेलेला बरा.