सुपरहिरो पुण्यात भाड्याने कुठे राहील? सदाशिव पेठ की हिंजवडी

सुपरमॅन १९३८ पासून दिवसा पत्रकार, स्पायडरमॅन १९६२ पासून न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये मे काकूंकडे, म्हणजे सुपरहिरोच्या गोष्टींत नोकरी नि घरची माणसं वापरून झालीयेत, पुण्यातली गोष्ट लिहिताय तर आता जरा घरमालक आणा ना.

हिंजवडीत तसं सोप्पंय. बाविसावा मजला, बाल्कनीतून उडी, शेजारचा कोण हे कुणाला माहितीच नाही, आणि मीटिंगमधून गायब व्हायचं असेल तर 'वाकड ब्रिजला अडकलोय' एवढं म्हटलं की मॅनेजर पुढे एक अक्षर विचारत नाही. पण मग गंमत कसली?

पेठेतला वाडा घ्या. रात्री दहाला दिंडी दरवाजा बंद, भाऊ जग वाचवून येणार दीडला, मग कौलांवर हळूच उतरायचं, तरी एक कौल फुटतंच आणि सकाळी जिन्यात पाटी, 'कौलांवरून ये-जा करू नये. कौले फुकट येत नाहीत.' केप वाळत घातली की पाणी नेमकं मालकीणकाकूंच्या पापडांवर. त्यांना सगळं कळलेलं असतं बरं का, फक्त त्या बोलत नाहीत, भाडं वाढवतात.

माझं मत वाड्यालाच, व्हिलन नसला तरी गोष्ट चालते.