गुडघेदुखीसाठी खुर्चीवरच्या व्यायामाचा वर्ग : सात महिन्यांचा अनुभव

माझ्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय, उजवा जास्त कुरकुरतो. "ऑपरेशनची घाई नाही, आधी मांड्यांत ताकद आणा," असं डॉक्टर म्हणाले, म्हणून डोंबिवलीत घराजवळच्या हॉलमधल्या वर्गात नाव घातलं. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. फिजिओथेरपिस्ट ताई स्वतः घेतात.

व्यायाम बघितलात तर हसाल. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाऊल आपल्याकडे ओढायचं, मांडी आवळून पाच आकडे मोजायचे. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन दाबायची. मग हात न टेकता उठायचं आणि बसायचं, तेही धपकन नाही, सावकाश. घाम फुटतो तो या सावकाश बसण्यानेच. सुरुवातीला मला जमेना, तर ताईंनी खुर्चीवर जाड उशी ठेवली. बैठक उंच झाली की गुडघा कमी वाकतो. ती उशी दिवाळीनंतर सुटली.

त्यांचा एक नियम मला फार पटला. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांत उतरलं नाही, तर पुढच्या खेपेला आकडे कमी करायचे, पण वर्ग बुडवायचा नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या वहिनींना आमवात आहे. बोटं सुजलेली असतील त्या दिवशी ताई त्यांना रबरी पट्टा हातात घेऊ देत नाहीत, नुसती मूठ हळूहळू उघडमीट करायला लावतात. मात्र सकाळी सातची वेळ त्यांना अजिबात सोयीची नाही. सांधे मोकळे व्हायलाच नऊ वाजतात. संध्याकाळची बॅच मागून आम्ही थकलो.

दुसरी तक्रार फरशीची. प्लॅस्टिकच्या खुर्च्या घसरतात, म्हणून आम्हीच त्या भिंतीला टेकवून मांडतो. आणि जानेवारीपासून माणसं इतकी वाढलीत की कोणाचा गुडघा आत वळतोय हे ताईंना दिसेनासं झालंय. नाव घालण्याआधी बॅच केवढी आहे ते जरूर विचारा.

फरक पडला का? दुखणं गेलेलं नाही. मांडी घालून अजूनही बसता येत नाही, हळदीकुंकवाला खुर्चीच मागते. पण स्टेशनचा पूल आता कठडा न धरता, एकाआड एक पाय टाकत चढते. उतरताना मात्र अजून दुखरा पाय आधी. गोळी रोज लागायची, ती आता अधूनमधून. वजनही तीन किलो उतरलं, पण त्याचं श्रेय रात्रीचा भात सोडल्याला.

हेच व्यायाम यूट्यूबवर फुकट मिळतात, ते मी घरी करूनही बघितले. चार दिवस उत्साह, मग पाहुणे, मग पाऊस. इथे दोनदा दांडी मारली की वहिनींचा फोन येतो, "काय हो, बऱ्या आहात ना?"

गुडघा अचानक सुजला किंवा गरम लागला तर वर्गाला न जाता आधी डॉक्टर गाठा. पुढच्या तीन महिन्यांचे पैसे मी भरलेत. गर्दी आणखी वाढली तर मात्र दुसरीकडे चौकशी करणार.