कधीमधी उठणारा दमा: निळा पंप, रोजचा पंप की जोडऔषधाचा पंप?

वाळवा-तासगाव पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली, पाचट पेटलं, की छातीत घरघर सुरू होणारी माणसं गावोगाव दिसतात. सांगलीच्या यार्डात हळदीच्या धुळीत काम करणाऱ्यांचंही तेच. यातले बरेच जण वर्षातले आठ-नऊ महिने ठणठणीत असतात. त्यामुळे मेडिकलमधून निळा पंप आणायचा, धाप लागली की दोन पफ ओढायचे, एवढाच त्यांचा उपचार. अशा सौम्य दम्याच्या मोठ्या माणसासाठी पर्याय तीन आहेत.

निळ्या पंपात साल्ब्युटामॉल असतं. काही मिनिटांत श्वास मोकळा होतो आणि चार-सहा तास बरं वाटतं. स्वस्त आहे, कुठेही मिळतो. पण हे औषध श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतं. आतली सूज तशीच राहते. बरं वाटत असतानाच आजार वाढू शकतो, आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

दुसरा पर्याय बुडेसोनाइडसारख्या स्टिरॉइडचा पंप रोज घ्यायचा आणि निळा जवळ ठेवायचा. सूज उतरवण्यात हा पक्का. अडचण माणसाच्या स्वभावाची: त्रास नसताना रोज पंप कोण ओढणार?

तिसऱ्यात, म्हणजे जोडपंपात, बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असतात. फॉर्मोटेरॉल निळ्या पंपाइतक्याच लवकर श्वास मोकळा करतं आणि जवळपास बारा तास टिकतं. धाप लागली की हाच ओढायचा, म्हणजे प्रत्येक पफबरोबर सुजेवरचं औषधही आपोआप आत जातं.

या तिन्ही पद्धती २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या सिग्मा-१ या अभ्यासात वर्षभर समोरासमोर तपासल्या गेल्या. सौम्य दम्याचे ३,८०० हून अधिक रुग्ण, वय १२ च्या पुढे. साल्ब्युटामॉलच्याच जातीच्या टर्ब्युटालिनवर असलेल्यांत शंभर जणांमागे वर्षाला सुमारे २० तीव्र झटके आले. रोज स्टिरॉइड घेणाऱ्यांत ९, गरजेपुरता जोडपंप घेणाऱ्यांत ७. शिवाय जोडपंपवाल्यांच्या अंगात गेलेलं स्टिरॉइड रोजवाल्यांच्या जेमतेम एक षष्ठांश होतं. एक गोष्ट मात्र रोजच्या पंपाच्या बाजूची: रोजची लक्षणं आटोक्यात ठेवण्यात तोच सरस ठरला. खोकल्यानं रात्रीची झोप मोडत असेल, तर याला वजन द्यायला हवं.

त्या अभ्यासात सगळ्यांना दिवसातून दोनदा पंप ओढावाच लागे, काहींच्या त्या पंपात औषधच नसे. घरी कोणी असं वागत नाही. म्हणून २०१९ चा नॉव्हेल स्टार्ट हा अभ्यास मला जास्त जवळचा वाटतो. तिथे कोणाच्या हातात कोणतं औषध आहे ते उघड होतं आणि लोकांनी ते घरी घेतात तसंच घेतलं. तरीही साल्ब्युटामॉलच्या तुलनेत जोडपंपावर झटके निम्म्यावर आले. त्याच वर्षी जागतिक दमा मार्गदर्शिकेने मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसता निळा पंप देऊ नये असं सांगितलं.

त्यामुळे कधीमधीच त्रास होणाऱ्यानं डॉक्टरांशी बोलून तिसऱ्याकडे वळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जोडपंप निळ्यापेक्षा महाग पडतो, हे खरं. पण एक मोठा झटका आला की मिरजेला ॲडमिट होण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी त्याहून कितीतरी जास्त. स्टिरॉइडची धास्ती घेणाऱ्यांनी एवढं पाहावं: झटक्यात दिली जाणारी प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची ४० मिलिग्रॅमची मात्रा वजनानं २०० मायक्रोग्रॅमच्या पफच्या २०० पट असते, आणि ती सगळ्या अंगात फिरते. पफनंतर चूळ भरून थुंकली की तोंडात बुरशी होण्याचा धोकाही कमी होतो.

खरेदी करताना डब्यावर ‘फॉर्मोटेरॉल’ हेच नाव वाचा. साल्मेटेरॉल असलेले जोडपंपही दुकानात असतात. ते सावकाश काम करतात, धाप लागल्यावर उपयोगाचे नाहीत. बारा वर्षांखालच्या मुलांचा निर्णय बालरोगतज्ज्ञांचा. आणि वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या किंवा विडी ओढणाऱ्या साठीतल्या माणसाला बारमाही धाप लागत असेल, तर तो दमा नसून सीओपीडी, म्हणजे धुरानं श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असू शकतो. हे अभ्यास त्यांच्यासाठी नव्हते. त्यांनी आधी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजायची तपासणी, करून घ्यावी.