आई-बाबांना लिस्बनला न्यावं की फोंड्यातच ठेवावं?

पोर्तुगीज पासपोर्टची गोष्ट गोव्यातल्या घरांत नोकरीवरून सुरू होते आणि म्हाताऱ्यांच्या औषधांपाशी येऊन अडते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, इथं जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना त्या नागरिकत्वाची वाट मोकळी आहे. म्हणजे ज्यांच्या जन्मदाखल्यावर अख्ख्या घराचे कागद उभे राहतात, ते आई-बाबा आज पासष्टीच्या आसपास किंवा पुढे आहेत. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, या पासपोर्टवर सरळ इंग्लंडात जाऊन राहणं बंद झालं. तेव्हा इथं निवड पोर्तुगाल की गोवा एवढीच धरू.

माझा कौल आधीच सांगून टाकते. तरुण जोडप्यानं मुलं घेऊन खुशाल जावं. पोर्तुगीज न बोलणाऱ्या, मधुमेह असलेल्या सत्तरीच्या माणसाला मात्र मी गोव्यातच ठेवीन.

कागदांचं पाहू. पोर्तुगालची राष्ट्रीय आरोग्य सेवा १९७९ पासून आहे, आणि ती मिळते तिथल्या वास्तव्यावर. आधी राहत्या पत्त्याचा पुरावा, मग आरोग्य केंद्रात नोंदणी, मग रुग्ण क्रमांक. फोंड्यात बसून नुसता पासपोर्ट कपाटात ठेवल्यानं यातलं काहीच पदरात पडत नाही. उलट तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, इथं राहता येतं, पण सरकारी सवलती वेगळ्या. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना उपचारांसाठी तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख रुपयांचं कवच देते. त्या योजनेच्या कार्डाचं पुढं काय होणार, हे भारतीय पासपोर्ट परत करण्याआधी लेखी विचारून घ्या, तोंडी नको.

रोजच्या डॉक्टरच्या बाबतीत गोवा सरळ पुढे आहे. पोर्तुगालात प्रत्येकाला ठरलेला कुटुंब डॉक्टर असावा अशी रचना आहे आणि कल्पना उत्तमच आहे. पण जेमतेम एक कोटीच्या त्या देशात १५ लाखांहून अधिक लोकांना असा डॉक्टर मिळालेला नाही, आणि लिस्बनच्या बाजूला ही टंचाई जास्त. आपल्याकडे संध्याकाळी बाजारातल्या दवाखान्यात जाऊन बसलं की तासाभरात नंबर लागतो, आणि त्या डॉक्टरनं बहुधा आईच्या सासूलाही तपासलेलं असतं. ‘पोटात कसंसंच होतंय’ हे दुभाष्याकडून सांगून बघा, म्हणजे फरक कळेल.

तातडीच्या वेळेचं गणित जास्त गुंतागुंतीचं आहे. पोर्तुगालात शक्यतो आधी ८०८ २४ २४ २४ या आरोग्य क्रमांकावर फोन करायचा असतो. जीवावरचं असेल तर ११२. इस्पितळात पोचल्यावर परिचारिका रंग ठरवते. लाल म्हणजे तत्काळ, नारिंगी १० मिनिटं, पिवळा तासभर, हिरवा दोन तास, निळा चार तास. हे झालं उद्दिष्ट. गर्दीच्या दिवशी हिरव्या-निळ्यावाल्यांनी डबा घेऊनच जावं. पण तिथं मंत्र्याचा फोन आल्यानं रंग बदलत नाही. आपल्याकडे खाट मिळवायची तर ‘कोणी ओळखीचं आहे का बांबोळीला?’ हा पहिला प्रश्न असतो, कारण गोवा मेडिकल कॉलेजचं मोठं सरकारी इस्पितळ तिथं आहे, आणि ज्याच्या ओळखी नाहीत त्याची परवड होते.

तरीही हृदयविकाराच्या झटक्यासाठी मी गोव्यावर भरवसा ठेवीन. २०१८ पासून इथं ‘स्टेमी’ (हृदयविकाराचा तीव्र झटका) प्रकल्प चालू आहे. तालुक्याच्या सरकारी केंद्रात ईसीजी काढतात, तो तज्ज्ञांकडे जातो, गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथंच मोफत देतात, आणि मग १०८ ची रुग्णवाहिका रुग्णाला गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, आणते. राज्य लहान असल्याचा हा फायदा. सिंधुदुर्गातले लोकही बांबोळीची वाट धरतात ते उगीच नाही.

पोर्तुगालची काळी बाजू बाळंतपणात दिसते. उन्हाळ्यात डॉक्टर कमी पडले की लिस्बन परिसरातले प्रसूतीचे तातडीचे विभाग आळीपाळीनं बंद राहतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एका गरोदर भारतीय पर्यटक महिलेला एका इस्पितळातून दुसऱ्यात हलवताना तिचा मृत्यू झाला. ती बातमी आल्यावर आरोग्यमंत्री मार्ता तेमिदू यांनी राजीनामा दिला. मग तरुणांनी जावं असं मी का म्हणते? कारण अपघात झाला, मोठं ऑपरेशन निघालं, तर तिथं घर गहाण पडत नाही. २०२२ पासून तपासणीचं शुल्कही जवळपास रद्दच झालंय. कोणाच्या शिफारशीशिवाय थेट तातडीच्या विभागात गेलात आणि दाखल व्हावं लागलं नाही, तरच पैसे पडतात. दातांचं मात्र खिशातून. दाढा इथंच करून जा.

औषधांत दोन्हीकडे इन्सुलिनची सोय सरकार करतं. बाकी गोळ्यांवर पोर्तुगाल सरकार प्रकारानुसार ९० पासून १५ टक्क्यांपर्यंत भार उचलतं. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक तिथं मिळत नाही, आणि तेच बरं. आपल्या फार्मसीत ‘खोकल्यासाठी काहीतरी द्या’ म्हटलं की मिळतं ते काय असतं, देव जाणे.

सवयींकडे आलो की गोव्याला मान खाली घालावी लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. ताटात शिताचा डोंगर, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जायला स्कूटर. लिस्बनला चढ-उतार आणि मेट्रोमुळे माणूस आपोआप चालतो. पावात किलोमागे १४ ग्रॅमच्या वर मीठ घालायला तिथं कायद्यानं बंदी आहे. तंबाखूत मात्र आपण सरस. २०१६-१७ च्या पाहणीत गोव्यातलं प्रमाण ९.७ टक्के, म्हणजे देशात सर्वात कमी, तर पोर्तुगालात २०१९ साली १७ टक्के लोक धूम्रपान करत होते. मासे दोघांनाही प्रिय. दारूवरून कोणी कोणाला शिकवू नये.

पण चालण्याचा हा फायदा गुडघे धड असतील त्यांना. लिस्बनच्या जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, आणि मुलाला परवडणारी खोली बहुधा तिसऱ्या मजल्यावर. शिवाय घरं हिवाळ्यात थंडगार आणि दमट, कारण गरम ठेवायची सोय नसते. थंडीत वाढणाऱ्या मृत्यूंच्या बाबतीत पोर्तुगाल युरोपात वरच्या देशांत गणला जातो. म्हणून नेऊन बघायचंच असेल, तर नागरिकत्वाचा अर्ज पुढे नेण्याआधी भारतीय पासपोर्टवर, पर्यटक व्हिसा काढून, जानेवारीत न्या. या, म्हणजे शेंगेन, व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतोच. त्यात जुना मधुमेह धरलाय की वगळलाय, ते सही करण्याआधी बारीक अक्षरांत वाचा.